नवा कारभारी आणि जुनं कार्ड

फार वर्षांपूर्वी, म्हणजे संगणकांच्या हिशेबानं गेल्या जूनमध्ये, एका बियाण्यांच्या पेढीवर मोठा संगणक होता. त्याच्या पोटात चार छोटे संगणक नांदत आणि एक कारभारी प्रोग्रॅम त्यांची व्यवस्था बघे. बाहेरचे सगळे निरोप मात्र एका जुन्या नेटवर्क कार्डातून येत-जात.

एके दिवशी नवा कारभारी आला. त्यानं आल्या आल्या आपल्याला चालवता येणाऱ्या भागांची यादी उघडली.

"तुमचं नाव यादीत नाही. काम बंद."

"साहेब, बारा वर्षांची सेवा आहे," कार्ड म्हणालं. "एक निरोप हरवला नाही."

"असेल. मी यादी बघतो."

चारही संगणक कावले. "अहो कारभारी, पेरणी तोंडावर आलीय! गावोगावच्या मागण्या दाराबाहेर खोळंबल्यात!"

"नवं कार्ड मागवू की. वरच्या कचेरीला आत्ताच लिहितो." त्यानं सुबक अर्ज लिहिला, शिक्का मारला. मग बराच वेळ अर्ज हातातच राहिला.

"काका," तो शेवटी जुन्या कार्डाला हळूच म्हणाला, "एवढा एक..."

"आनंदानं नेला असता. पण माझ्याकडून काम कसं करून घ्यायचं, हे तुम्हाला शिकवलेलंच नाही."

संध्याकाळी मालकानं जुन्या कारभाऱ्याला परत बसवलं. नवा निघाला, तो अर्ज बगलेत घेऊनच.