महाराजांचा चष्मा आणि देवडीतला भाट

उन्हाळगडचे सर्जेराव महाराज भर दरबारात आपल्या सासऱ्यांच्या मांडीवर जाऊन बसले! सिंहासन शेजारीच रिकामं होतं. महाराज ऐसपैस टेकले आणि वर ओरडले, "आज गादीत हाडं कुणी भरली रे?" दरबाऱ्यांनी हसू दाबायला उपरणी तोंडात कोंबली.

दोष चष्म्याचा होता. महाराजांचा नंबर एवढा मोठा, की चष्म्याशिवाय त्यांना स्वतःच्या मिशाही दिसत नसत. धोंडू काचाऱ्याने त्यांच्यासाठी नवी काच घडवली होती. उन्हात गेली की आपोआप काळी, सावलीत आली की पुन्हा पांढरी! काळी व्हायची चटकन. पांढरी व्हायला मात्र रुसलेल्या जावयासारखा वेळ लावायची. महाराज उन्हातून तडक आत आले, ते डोळ्यांवर अंधार घेऊनच.

"दुसरा आण!" महाराज कडाडले.

धोंडूने त्याच नंबरचा कायमचा काळा चष्मा दिला. उन्हात झकास दिसलं! आत मात्र महाराजांनी राजमुद्रा खलित्याऐवजी ताटातल्या पुरणपोळीवर उमटवली, आणि पोळी शेजारच्या राज्याकडे रवाना झाली.

"मग महाराज, दारात काळा काढून साधा घालावा," धोंडू चाचरत म्हणाला.

घातलाही असता हो! पण उन्हाळगडची रीत मोठी चमत्कारिक. देवडी, म्हणजे दरबाराचं ते दगडी, सावलीचं प्रवेशद्वार, ओलांडायला लागल्यापासून महाराजांनी चष्मा उतरवला की दरबार बरखास्त! महाराजांनी देवडीत काळा उतरवला, पहारेकऱ्यांनी घंटा बडवली, आणि साधा चष्मा नाकावर चढेपर्यंत दरबारात फक्त एक मांजर उरलं होतं.

"रीतच बदलली तर?" दिवाणजींनी हळूच सुचवलं.

"आजोबांची रीत? अजिबात नाही!" महाराजांनी मांडीवर थाप मारली. "ऐक काचाऱ्या! उद्या दुपारी मी घोड्यावरून रणरणत्या उन्हातून येणार. चष्मा एकच! उन्हात डोळे दिपता कामा नयेत आणि दरबारात पाऊल टाकताच सगळं लख्ख दिसलं पाहिजे. चष्मा मी नाकावरून काढणार नाही, आणि काचेसाठी क्षणभर थांबणारही नाही. राजा कुणाची वाट बघत नसतो! जमलं नाही तर गाढवावर उलटं बसवून तुझी धिंड काढीन!"

धोंडू घरी आला तो रडकुंडीला येऊनच. त्याची मुलगी सगुणा काचांच्या कडा घासत बसली होती. त्याने गाढवापर्यंतची सगळी हकिकत सांगितली, तशी तिने हातातली काच खाली ठेवली.

"आबा, काच लवकर पांढरी नाही का करता येणार?"

"नाही गं पोरी. ती तिच्याच मर्जीने होते."

"आणि महाराज थांबणार नाहीत."

"छे! ते तर त्यांच्या मर्जीनेही थांबत नाहीत."

सगुणा विचारात पडली. मग एकदम हसली. "आबा, महाराजांना सगळ्यात जास्त काय आवडतं?"

"हे काय विचारणं झालं? स्वतःचं कौतुक!"

सगुणा तडक दिवाणजींकडे गेली. महाराज सिंहासनावर बसले, की दरबारात खंडूजी भाट त्यांची बिरुदावली गात असे. "उद्या खंडूजींना आत नको, देवडीत उभं करा. माझं मागणं एवढंच," ती म्हणाली.

"भाट कुठेही उभा राहिला तरी घसा तोच!" दिवाणजी म्हणाले. "कर उभा!"

दुसऱ्या दिवशी टळटळीत दुपारी महाराजांचा घोडा वाड्यापाशी आला. सगुणा देवडीच्या खांबाआड उभी होती. महाराजांच्या नाकावर ऊन ओळखणारी काच होती, आता काळीकुट्ट. ते झपाझप देवडीत शिरले, तोच खंडूजीने मुजरा करून आवाज लावला.

"शत्रूंचे काळ! रयतेचे प्रतिपाळ! ज्यांच्या मिशीच्या एका पिळात सात किल्ले अडकले, असे श्रीमंत सर्जेराव महाराज येत आहेत हो!"

खंडूजी वाट सोडून बाजूला झाला. पण महाराजांचं पाऊल काही पुढे पडेना.

"काय म्हणालास? मिशीचं ते... पुन्हा म्हण!"

खंडूजीने पुन्हा म्हटलं. काच थोडी फिकी झाली.

"सात किल्ले कुठले कुठले, तेही सांग की! नावानिशी!"

खंडूजीने सातही किल्ले सांगितले. सगुणाला आता काचेमागे महाराजांचे डोळे दिसू लागले.

"आता सगळं पहिल्यापासून! आणि जरा मोठ्याने, आत ऐकू गेलं पाहिजे!"

खंडूजीचा घसा बसला तेव्हा काच पाण्यासारखी स्वच्छ झाली होती. महाराज डुलत आत गेले, सासऱ्यांना लवून नमस्कार केला आणि बरोबर सिंहासनावर बसले. दरबार आनंदाने ओरडला!

महाराजांनी मात्र अचानक भुवया चढवल्या. "थांबा! देवडीत मी बराच वेळ उभा होतो. म्हणजे काचेसाठी मला थांबावं लागलं! अट मोडली! आणा रे गाढव!"

धोंडूने हात जोडले. सगुणा मात्र पुढे आली.

"महाराज, आपण कुठे थांबलात? खंडूजींनी तर वाट केव्हाच मोकळी केली होती. आपणच त्यांना पुन्हा पुन्हा म्हणायला लावलंत. थांबले ते खंडूजी! बिचाऱ्यांना जेवायला घरी जायचं होतं!"

"चुरुचुरु बोलू नकोस! उभा मी होतो की नाही?"

"होतात, महाराज. काचेसाठी तो वेळ फुकट गेला असं आपलं म्हणणं असेल, तर उपाय सोपा आहे. त्यातलं कुठलं वाक्य ऐकण्यासारखं नव्हतं, तेवढं सांगा. उद्यापासून ते गाळून टाकू!"

महाराजांनी मिशीला हात लावला. "मिशीचं... छे, ते नको! किल्ल्यांचं? तेही नको! प्रतिपाळ तर... अगं ए पोरी, त्यात गाळण्यासारखं काहीच नाही!"

"मग वेळ कुठे फुकट गेला, महाराज?"

महाराज आधी गुरगुरले, मग फसकन हसले, मग पोट धरून असे गडगडाट करत हसले की सिंहासन डगमगलं. त्यांनी गळ्यातला मोत्यांचा कंठा काढून सगुणाच्या हातावर ठेवला, धोंडू काचाऱ्याला दरबारी चष्मेकार नेमलं, काळा चष्मा शिकारीसाठी राखून ठेवला आणि खंडूजीला हुकूम केला, "उद्यापासून आठवा किल्लाही घाल!"