‘सर्व क्षेम’ म्हणणारी ओळ

एकदा एक तरुण शिष्य आपल्या वृद्ध गुरूंकडे एक पत्र घेऊन आला. पत्र नुकत्याच वारलेल्या एका बाईच्या नवऱ्याला लिहिले होते. ते नीट उतरले आहे की नाही, एवढेच त्याला विचारायचे होते.

दृष्टांतात माणसांना नावे देऊ नयेत असा संकेत आहे. गुरू आणि शिष्य यांच्यापुरता मी तो पाळतो. त्या बाईचे नाव मात्र सांगणार. ती गोदूबाई घारे. यादीत नाव नव्हते म्हणून ती गेली. निदान गोष्टीत तरी असावे.

हे गुरू संगणकविद्येचे. तंत्रनिकेतनात आयुष्यभर शिकवून आता घरीच असत. शिष्य हुशार होता, आणि हुशार माणसाला जी घाई असते ती त्यालाही होती. तालुक्याच्या गावातील एका धर्मादाय डायलिसिस केंद्राने त्याला काम सांगितले. रुग्णाने पुढची पाळी फोनवरूनच मागावी, ती सर्व्हरवर नोंदली जावी आणि केंद्राला आयती यादी मिळावी. हल्ली असा सर्व्हर कोणी कोऱ्या पाटीवर लिहीत नाही. तयार साचा मिळतो. एक आज्ञा दिली की घर उभे राहते. दारे, खिडक्या, आल्यागेल्याला द्यायची उत्तरे, सगळे त्यात असते. गुरूंनी स्वतः घडवलेला असा एक साचा होता, तोच शिष्याने घेतला. नाव बदलले, रंग बदलले, इंग्रजी उत्तरे काढून मराठी घातली. सकाळी बसला तो जेवणाच्या आत मोकळा झाला.

त्या साच्यात एक छोटी ओळ होती. दर मिनिटाला बाहेरून एक पहारेकरी प्रोग्राम सर्व्हरला विचारी, ‘ठीक आहेस ना?’ आणि ती ओळ म्हणे, ‘ओके’. उत्तर आले की शिष्याच्या पडद्यावर हिरवा ठिपका दिसे. शिष्याने ‘ओके’ खोडून तिथे ‘सर्व क्षेम’ लिहिले आणि स्वतःवरच खूश झाला. ओळीच्या डोक्यावर एक टीप होती: ‘हे उत्तर केवळ नमुन्यादाखल आहे. नोंदींचा साठा तपासून मगच उत्तर द्यावे, तशी सोय आपली आपण करावी.’ टिपेमुळे पान गचाळ दिसते म्हणून त्याने ती पुसून टाकली.

दोन महिने बरे गेले. मग एका गुरुवारी नोंदींच्या साठ्याची जागा भरून गेली. लोक पाळी मागत, त्यांना ‘विनंती पोचली’ असे उत्तर जाई, आणि नोंद मात्र कुठेच होत नसे. पहारेकरी दर मिनिटाला विचारत होता. ओळ दर मिनिटाला सांगत होती, सर्व क्षेम. तिला दुसरे काही बोलताच येत नव्हते.

शनिवारी गोदूबाईंना घेऊन त्यांचे पती चाळीस किलोमीटर एसटीने केंद्रावर आले. यादीत नाव नव्हते, आणि बुधवारपर्यंत पाळी मागितलेल्यांनी डायलिसिसच्या पाचही खुर्च्या भरलेल्या होत्या. तिथल्या तंत्रज्ञाने शिष्याला फोन लावला.

“सर, एक आजोबा आलेत. परवाच पाळी मागितली म्हणतात. सर्व्हर चालू आहे ना?”

शिष्याने ठिपक्याकडे पाहिले. “एकदम ठीक आहे. आजोबांनी बटण नीट दाबलं नसेल. म्हाताऱ्या माणसांचं होतं असं.”

त्यांना सोमवारी यायला सांगितले. गोदूबाई रविवारी गेल्या.

मंगळवारी शिष्याला साठा भरल्याचे कळले, आणि गोदूबाई गेल्याचेही. दोन दिवस तो जेवला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने नमुनापत्रांच्या एका संग्रहातून एक पत्र उतरवून काढले. वर मध्यभागी ‘श्री’, आणि खाली: ‘महोदय, तांत्रिक अडचणीमुळे आपली जी गैरसोय झाली तीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.’ हेच ते पत्र.

गुरूंनी पत्र वाचले. पेन उचलले, माथ्यावरचे ‘श्री’ खोडले, मग पत्र मधोमध फाडून दोन्ही तुकडे शिष्याच्या हातात ठेवले.

“मजकूर चुकला का, गुरुजी?” शिष्याने बावरून विचारले.

गुरू म्हणाले, “पूर्वी मृत्यूची वार्ता देणाऱ्या पत्रावर श्री लिहीत नसत, आणि वाचून झालं की ते फाडून टाकत. घरात ठेवत नसत. तुला हे ठाऊक नाही, कारण तू पत्र लिहिलंच नाहीस. उतरवलंस. बरं, साच्यातलं तू काय काय बदललंस?”

“फारसं नाही. ‘ओके’च्या जागी ‘सर्व क्षेम’ केलं.”

हे ऐकून वृद्धाचा चेहरा उतरला.

“मी शहरात शिकायला होतो,” मग ते म्हणाले. “आईला लिहिता येत नव्हतं. शेजारचे एक गृहस्थ तिचं पत्र लिहून देत. कुणाचंही पत्र असो, ते सुरुवात एकच करत: ‘इकडील सर्व क्षेम, तुझे क्षेम कळवावे.’ तिला विचारायचेसुद्धा नाहीत. पत्राची रीतच ती. वडील चार महिने अंथरुणाला खिळले होते. चारही पत्रांत सर्व क्षेम होतं. पाचवं पत्र आलं, त्यावर श्री नव्हतं.”

शिष्याने मान खाली घातली.

“आणि हे कळून सवरूनही साच्यातली ती ओळ मीच लिहिली. आळसाने लिहिली. टीप टाकली की आपली जबाबदारी संपली असं वाटलं. टिपा कोण वाचतो? तो साचा किती जणांनी नेला, आज कुठे कुठे ती ओळ ‘ठीक आहे, ठीक आहे’ म्हणत बसली आहे, मला माहीत नाही. ती मला परत बोलावता येत नाही. तुला धीर द्यायला माझ्यापाशी काही नाही, बाळा.”

“मग मी काय करू?”

“तुझ्या हातून झालं ते झालंच. पण ते गृहस्थ आज काय समजून बसले असतील, याचा विचार केलास? तू फोनवर जे बोललास ते त्यांच्या कानी गेलं असेल ना?”

शिष्य उठला आणि तसाच निघाला.

घारे आजोबा ओट्यावर बसले होते. शर्टाच्या खिशातून त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला फोन काढला. शिष्य कोण हे कळताच ते रागावले नाहीत, हेच त्याला जड गेले.

“बरं झालं तुमी आलात, साहेब,” ते म्हणाले. “म्या रोज दाबून बघतोय. हे बगा, असंच दाबलं व्हतं. माजं कुटं चुकलं, तेवढं दावा. घरात समदी म्हनत्यात, आबा, तुमाला येत न्हाई तर दुसऱ्याला का इचारलं न्हाई.”

त्यांनी दाबले. पडद्यावर उमटले, ‘विनंती पोचली.’

“आजोबा, तुम्ही बरोबर दाबलं होतं,” शिष्य म्हणाला. “तुमची विनंती आली होती, ती माझ्याकडे हरवली. आणि त्या दिवशी मी काही न बघता तुमच्यावर ढकललं. चूक माझी आहे.”

म्हातारा घराच्या दाराकडे तोंड करून मोठ्याने म्हणाला, “सूनबाई, ऐकलं का? म्या दाबलं व्हतं!” आणि तोंडाला धोतराचा सोगा लावून रडू लागला. जरा वेळाने त्याने डोळे पुसले. “म्हंजी त्या दिवशी खुर्ची गावली असती, तर ती ऱ्हायली असती?”

शिष्याच्या तोंडाशी ‘सांगता येत नाही’ आले होते. तेही आयतेच वाक्य होते. ते त्याने गिळले.

“राहिली असती, आजोबा. बहुतेक राहिली असती.”

म्हाताऱ्याने मान हलवली. बसा म्हणाला नाही, जा म्हणाला नाही. शिष्य उभाच राहिला आणि शेवटची एसटी यायची वेळ झाली तेव्हा निघाला.

दुसऱ्या दिवशी गुरूंनी त्याला दारातच विचारले, “कसा आहेस?”

“बरा—” असे म्हणता म्हणता शिष्य थांबला. त्याने स्वतःच्या आत खरोखर चौकशी केली. “बरा नाही, गुरुजी. आपण?”

“मीही नाही,” गुरू म्हणाले, आणि सरकून त्याला शेजारी जागा करून दिली. दोघांनी तो साचा उघडला आणि ती ओळ पुसली. तिथे नवी लिहायला त्यांना सबंध दिवस लागला.

आपणही दिवसातून दहा वेळा ‘ठीक आहे’ म्हणतो. त्यातले एखादे तरी स्वतःला विचारून म्हणावे.