काशीत सोडलेली करवंदं

“पुन्हा वाटून टाकलीत?”

हेरंबाने रिकामा द्रोण उचलला आणि अच्युतबुवांच्या पुढ्यात आपटला.

बुवा मठाच्या ओट्यावर भिंतीला टेकून बसले होते. हल्ली चार पावलं चालले तरी त्यांना धाप लागायची, पाय सुजायचे. हेरंब कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचा. सुट्टी लागल्यापासून तो रोज डोंगर चढून बुवांसाठी करवंदं काढून आणत होता. हात काट्यांनी ओरबाडले होते. आणि बुवा ती दर्शनाला येणाऱ्यांच्या हातावर प्रसाद म्हणून ठेवत होते. राग येणार नाही तर काय!

“बुवा, ही जिभेचे चोचले पुरवायला नाही आणत मी. या काळ्या रंगात अँटिऑक्सिडंट असतात. शरीराची झीज रोखतात ते.”

“झीज थांबते?”

“कमी होते.”

“म्हणजे थोडं झिजायचं उरतंच.”

“थट्टा पुरे! इथे माझा जीव टांगणीला लागलाय आणि तुम्ही... एकसुद्धा का खात नाही?”

बुवा जरा ओशाळले.

“अरे... काशीला गेलो होतो ना, तेव्हा सोडली.”

हेरंब बघतच राहिला. काशीला गेलं की एखादं आवडतं फळ नाहीतर भाजी गंगेला वाहायची आणि जन्मभर तोंडात घालायची नाही, ही रीत त्याला ठाऊक होती. लोक ती कशी पाळतात तेही ठाऊक होतं. त्याच्या आत्याने कारली सोडली होती, काकांनी दुधी, आणि दोघंही दर उन्हाळ्यात मजेत हापूस चापत होते.

“मग कारली सोडायची होतीत!” तो ओरडला. “सगळे सोडतात तशी!”

“कारली मला आवडत नाहीत.”

“आणि या असल्या व्रतापायी तुम्ही जीव देणार? मागितलाय कुणी तो? मला चीड येते, बुवा. गंगेची येते, तुमचीही येते!”

बुवांनी आपटलेला द्रोण सरळ करून ठेवला.

हेरंबाने खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली. प्रसादातून वाचवलेली मूठभर करवंदं होती तिच्यात.

“तुमच्याऐवजी मी सोडतो. चहा सोडतो, आंबा सोडतो, म्हणाल ते सोडतो. पण ही खा.”

बुवांनी एक करवंद उचललं. काळंभोर, पिकून मऊ झालेलं. ते नाकाशी धरून त्यांनी डोळे मिटले.

“खाईन,” ते म्हणाले. “पण तू सोडशील ते तुझं सगळ्यात आवडतं हवं. कारली चालायची नाहीत.”

“कबूल.”

“हं. नाव घे.”

हेरंबाने तोंड उघडलं. तो बुवांकडे पाहत होता. त्यांच्या खोल गेलेल्या डोळ्यांकडे, करवंद धरलेल्या बोटांकडे...

त्याने तोंड पुन्हा मिटलं.

“बोल ना.”

“नाही... ते नाही सोडता येणार.”

“नाव तरी सांग.”

हेरंब खाली बसला. त्याने बुवांचे सुजलेले पाय दोन्ही हातांनी घट्ट धरले आणि हुंदका देऊन तो रडू लागला.

बुवांनी करवंद हळूच रुमालात परत ठेवलं.

“माझ्याकडे गंगेने नुसती करवंदं मागितली होती, हेरंबा.”