चाचणीची नोंद

"एका शब्दात सांगा, सर. रिॲक्ट की पीएचपी?"

होनप सरांनी अंगावरची शाल नीट केली. तळघरातल्या सर्व्हर रूममध्ये भर दुपारीही हुडहुडी भरते. मशिनं गार ठेवावीच लागतात. माणसांचं काय ते माणसांनी बघावं.

समोर सोपान गर्जे उभा होता, हातात उघडा लॅपटॉप घेऊन.

कंपनीत सरांचा शब्द शेवटचा. वाद हाताबाहेर गेला की लोक तावातावाने जिना उतरून त्यांच्याकडे येतात. वर जाताना बहुतेक गप्प असतात.

हा वाद तर फारच पेटला होता. काम तसं साधं. हरवलेली माणसं शोधणारी एक संस्था आहे, तिची वेबसाइट नव्याने बांधायची. सोपानने ती रिॲक्ट या नव्या तंत्राने बांधली. निलांबरी सबनीसने पीएचपी या जुन्या तंत्राने. लगेच दोन तट पडले. कॅन्टीनमधली टेबलं वेगळी झाली, वाढदिवसाचे केकसुद्धा वेगळे कापले जाऊ लागले. बांधावरून भावकीत होतं तसं सगळं, फक्त इंग्रजीत. आणि तिकडे संस्थेतले लोक रडतखडत चालणाऱ्या जुन्याच साइटवर फोटो चढवत होते. मला तर या शहाण्यांची चीड येते.

"संध्याकाळी निर्णय आहे," सोपान म्हणाला. "तिची साइट घेतली तर माझं सगळं काम कचऱ्यात. मग मी इथे राहणार नाही, सर."

"दाखव."

सोपानला तेवढंच हवं होतं. त्याने बटण दाबलं. पान खटकन उघडलं.

"बघितलंत? हेच पीएचपीमध्ये..."

"हा कोण?"

पानावर एक फोटो होता. खाली लिहिलं होतं: सोपान गर्जे. राहणार पाथर्डी. शेवटचे दिसले, पुणे, ऑफिसचे गेट.

"मीच, सर. चाचणीची नोंद आहे. सगळेच आपापलं नाव टाकतात."

हे खरं आहे. खोटा माणूस बनवायचा म्हणजे डोकं चालवावं लागतं. आपलं नाव, आपला फोटो आयता असतो.

"कधी टाकलीस?"

"वाद सुरू झाला तेव्हा. दिवाळीच्या आधी."

सर वाकून बघू लागले. बराच वेळ बघत राहिले.

"आणि हे खालचं?"

फोटोखाली 'दिसल्यास कळवा' असा चौकोन होता. तो रिकामा असायला हवा होता.

'शिरूरच्या स्टँडवर दिसला. हाक मारली. ओ दिली नाही.'

'नगरला टपरीपाशी उभा होता. चहा दिला, घेतला नाही. नुसता कपाकडे बघत होता.'

'तिसगावच्या फाट्यावर पाथर्डीची वाट विचारत होता. पायात चप्पल नाही.'

सोपान हसला. जरा जास्तच मोठ्याने.

"निलांबरीच्या टोळीचं काम. हरायला लागले की हे असले धंदे."

"ही साइट बाहेर कुठे चढवलीस का?"

"नाही. अजून माझ्याच लॅपटॉपवर आहे."

"लॅपटॉप कोणाच्या हातात दिला होतास?"

"कोणाच्याच नाही."

त्याने नोंद पुसून टाकली. पान पुन्हा उघडलं.

फोटो होता.

त्याने साइटच्या आतला माहितीचा सगळा साठा उघडून बघितला. आत काहीच नव्हतं. एकही नाव नाही. पान पुन्हा उघडलं, तर फोटो तिथेच. आता त्यातली दाढी वाढल्यासारखी दिसत होती.

"रिॲक्टचा दोष म्हणायचा का?" सरांनी विचारलं.

इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच सोपानने रिॲक्टची बाजू घेतली नाही. तो घाबरला होता.

"सर, मी 'सापडला' म्हणून टाकतो." त्याने बटण दाबलं. मग हात मागे घेतला. "नाही होणार. घरच्या माणसाने ओळखल्याशिवाय नोंद बंद होत नाही. संस्थेचा नियम आहे. मीच घातलाय तो आत."

"मग घरच्या माणसाला विचार."

"काय विचारू?"

"घरी कधी गेला होतास?"

"हा वाद मिटला की जाणार होतो. आईला दर वेळी तेच सांगत आलोय."

सरांनी टेबलावरचा जुना फोन त्याच्याकडे सरकवला. खाली मोबाइलला रेंज नसते, म्हणून सोपानने तो वरच ठेवला होता.

आईचा नंबर आठवायला सोपानला वेळ लागला. त्याची त्यालाच लाज वाटली.

घंटा वाजत राहिली. मग कोणीतरी उचललं.

"कोन बोलतंय?"

"आई, मी. सोपान."

पलीकडे ताटाचा आवाज आला. कोणीतरी पाणी मागितलं. आवाज ओळखीचा होता.

"आई, ऐकू येतंय का? मी सोपान बोलतोय."

"कशाला थट्टा करतो रं बाबा म्हातारीची? सोपान हितं जेवाया बसलाय. आत्ताच आलाय. पाय पार फुटलेत माझ्या लेकराचे." आणि मग, फोन ठेवता ठेवता, "कुनाचा हायेस तू?"

फोन बंद झाला. सोपान तो तसाच कानाला धरून उभा राहिला.

लॅपटॉपवर पान आपोआप बदललं. फोटो गेला. त्या जागी एकच ओळ आली: सापडले. ओळख आईने पटवली.

"सर..." सोपानने त्या ओळीवर बोट ठेवलं. "सर, तो कोण आहे?"

होनप सरांनी ती ओळ वाचली. त्यांना मनापासून बरं वाटलेलं दिसलं.

"चला," ते म्हणाले, "तो तरी घरी पोचला."