भट्टीत राहिलेली बरणी

आधीच सांगतो, माझं शुद्धलेखन कच्चं आहे. शाळा लवकर सुटली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाशी अजून भांडण चालू आहे, आणि शब्दही घरात बोलतो तेच येतात. चूक दिसली तर माफ करा. गोष्ट लहानांनी ऐकावी आणि मोठ्यांनीही ऐकावी अशी आहे, म्हणून धीर करून सांगतो.

फार फार पूर्वी, समुद्राचे नकाशे कापडावर रंगवत त्या काळी, एका राज्याच्या किनाऱ्यावरून एक छोटं गलबत निघालं. त्याला माल न्यायचा नव्हता की लढाईला जायचं नव्हतं. गलबताच्या तांडेलाने, म्हणजे ते चालवणाऱ्या मालकाने, आपल्या म्हाताऱ्या आईला शब्द दिला होता. समोरच्या समुद्रात ओळीने सात बेटं होती. सातव्या बेटावर आईची धाकटी बहीण लग्न होऊन गेली होती. तीस वर्षांत दोघींची भेट नव्हती.

"नेतो," तांडेल म्हणाला होता, "पण आई, माझी एक अट आहे. ज्या दिवशी तुझं जेवण सुटेल, त्या दिवशी मी गलबत मागे वळवीन."

"जेवण सुटायला मी काय नवी नवरी आहे?" आजी म्हणाली. तिच्या तोंडात एकही दात उरला नव्हता, पण बोलणं मात्र चावरं होतं.

गलबतावर दोन खलाशी होते आणि एक भंडारी होता. गलबतावर जो रांधतो त्याला भंडारी म्हणतात. हा भंडारी चाळिशीचा, हाताने कुशल आणि स्वभावाने अतिशय भिडस्त. कुणी स्तुती केली तर मान खाली घालून पातेलं घासत बसायचा.

पण त्याचा पाव! असा हलका, लुसलुशीत पाव त्या किनाऱ्यावर कुणाला जमत नव्हता. अर्धं गोडं पाणी आणि अर्धं समुद्राचं पाणी घेऊन तो पीठ मळायचा. त्यात वेगळं मीठ घालावं लागत नसे, आणि पिंपातलं गोडं पाणीही वाचे. आजी सकाळी एक पाव डाळीच्या कढणात बुडवून खायची, संध्याकाळी एक. पेजेचं नाव काढलं की म्हणायची, "पेज आजाऱ्याने प्यावी. मी प्रवासाला निघाले आहे."

दह्याला जसं विरजण लागतं, तसं पावाला आंबवण लागतं. भंडाऱ्याचं आंबवण एका चिनी मातीच्या बरणीत असे. रोज त्यातलं थोडं काढायचं, पिठात मिसळायचं, आणि उरलेल्याला मूठभर पीठ नि पाणी घालून पुन्हा वाढवायचं. जास्तीचं झालं की तो ते फेकत नसे. ज्या बेटाला नांगर पडेल तिथे कुणी मागितलं तर गोळा काढून द्यायचा. मागच्या सफरींत त्याने असे कितीतरी गोळे वाटले होते. मात्र बदल्यात कुणाकडून कधी काही घेतलं नाही. "नको, नको, असू दे," म्हणत तो होडीत उडी मारायचा. आपण कुणाला त्रास देत नाही, याचं त्याला मनातल्या मनात फार बरं वाटे.

भट्टी म्हणजे एक लोखंडी पेटी. चार साखळ्यांनी ती तुळईला टांगलेली होती. खालच्या कप्प्यात निखारे, वरच्या कप्प्यात पाव. गलबत कसंही कललं तरी टांगलेली पेटी आपली सरळच. सबंध गलबतावर न कलंडणारी तेवढी एकच जागा. म्हणून भंडारी संध्याकाळी गार झालेल्या भट्टीतच बरणी ठेवायचा. सकाळी आधी बरणी बाहेर, मग निखारे आत. हा नेम त्याने वीस वर्षांत चुकवला नव्हता.

तिसरं बेट मागे पडलं आणि एके दिवशी सकाळी वरून खलाशी ओरडला, "देवमासा! भंडारी, धाव, देवमासा!"

भंडाऱ्याच्या हातात निखाऱ्यांचं फावडं होतं. त्याने ते तसंच खालच्या कप्प्यात रिकामं केलं आणि वर पळाला. डोंगरासारखी काळी पाठ पाण्यातून वर आली, कारंजं उडालं, पाठ पुन्हा बुडाली, पुन्हा वर आली. आजीने टाळ्या वाजवल्या. सगळे भान हरपून बघत राहिले.

मग वाऱ्यावर एक वास आला. खमंग, भाजल्याचा.

भंडारी धावला. खाली येऊन त्याने भट्टीचं दार उघडलं, तर बरणी तडकलेली आणि आतलं आंबवण विटेसारखं कडक झालेलं. त्याने ती बरणी फडक्यात गुंडाळली आणि कुणी बघत नाही असं पाहून समुद्रात सोडून दिली.

"आज पाव नाही?" तांडेलाने विचारलं.

"हवा दमट आहे," भंडारी खाली बघत म्हणाला. "पीठ फुगत नाही."

त्याने पोळ्या केल्या. पण खाऱ्या वाऱ्यात त्या घटकाभरात वातड झाल्या. आजीने एक तुकडा कढणात बुडवून तोंडात घोळवला, घोळवला, आणि हळूच काढून ठेवला. भंडाऱ्याने नवं आंबवण धरायला घेतलं. त्याला आठ-दहा दिवस लागतात, आणि तिसऱ्याच दिवशी त्यावर हिरवी बुरशी आली. ते टाकून दुसरं धरलं, त्यालाही बुरशी. आजी आता कढणाचे चार घोट घ्यायची आणि म्हणायची, "पोट भरलं." चौथं बेट दिसलं तेव्हा तिला उठून बसायलाही हात द्यावा लागत होता.

चौथ्या बेटावर एक कुंभारीण राहत होती. तीन वर्षांपूर्वी भंडाऱ्याने तिला आंबवणाचा गोळा दिला होता, आणि दरवर्षी येता-जाता तिच्या चुलीचा पाव तो लांबून पाहत असे. त्याला हे सगळं आठवत होतं. तो पाणी भरायच्या निमित्ताने तिच्या दारात जाऊन उभाही राहिला.

"या दादा! काय देऊ?"

भंडाऱ्याच्या ओठांपर्यंत शब्द आले. आजवर आपण देणारे, आज भांडं घेऊन दारात? बरणी कशी गेली ते सांगावं लागेल. वीस वर्षं भट्टी सांभाळणारा भंडारी आणि भट्टीत बरणी विसरला!

"पाणी," तो म्हणाला. "तांब्याभर पाणी द्या, ताई."

पाणी पिऊन तो परत आला.

त्या दुपारी तांडेल आईशेजारी बसला. "आई, उद्या आपण मागे फिरतोय. अट अट असते."

आजी तोंड फिरवून समुद्राकडे बघत राहिली. तांडेल उठून गेल्यावर तिने भंडाऱ्याला हाक मारली.

"अरे भंडारी, बरणी कुठे आहे तुझी?"

भंडारी मान खाली घालून पातेलं घासू लागला.

"डोळे अधू झालेत, नाक नाही झालं," आजी म्हणाली. "त्या दिवशी देवमासा सगळ्यांनी पाहिला. भाजका वास तुला एकट्यालाच आला असं वाटलं का तुला?"

भंडाऱ्याने पातेलं खाली ठेवलं आणि सगळं सांगितलं. आजी इतकी हसली की तिला खोकला लागला.

"मग? भाजलेली बरणी खाऊन तरी बघायचीस. कशी लागली?"

"आजी, चेष्टा करू नका."

"बरं, नाही करत. या बेटावर कुणाकडे तुझा गोळा आहे?"

"आहे. पण... मी कधी कुणाकडे काही मागितलं नाही, आजी."

"हो तर. तू फार मोठा माणूस. लोकांनी नुसते हात पसरायचे, तू नुसतं वाटायचं." आजीचा आवाज एकदम खाली आला. "तीस वर्षं झाली रे. तिच्या केसांचा रंग आता कसा असेल तेही मला माहीत नाही. तुझी लाज माझ्या बहिणीपेक्षा मोठी आहे का?"

भंडारी उठला. एक रिकामा वाडगा घेऊन होडीत बसला. ऊन उतरत होतं, तेव्हा तो पुन्हा कुंभारणीच्या दारात उभा होता.

"ताई," तो म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले. "माझी बरणी भट्टीत राहिली आणि आंबवण मेलं. तुमच्याकडचं थोडं द्याल का?"

कुंभारणीने त्याच्या हातातल्या वाडग्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "तो वाडगा ठेवा बाजूला."

ती आत गेली आणि फळीवरून एक मातीची बरणी घेऊन आली. घट्ट बसणारं झाकण, बाजूला टांगायला दोन कान. बरणीवर धुळीचा थर होता.

"तुम्ही गोळा दिलात ना, त्याच महिन्यात केली ही, तुमच्यासाठी. पुढच्या वर्षी द्यायला गेले तर म्हणालात, नको, नको. त्याच्या पुढच्या वर्षी तर ऐकूनही घेतलं नाहीत, होडीत उडी मारलीत. घरचे म्हणाले, त्याला आपली मडकी हलकी वाटत असतील. दादा, तुमच्या आंबवणाचा पाव आम्ही रोज खातो, पण तुमची होडी दिसली की मला दाराआड व्हावंसं वाटायचं."

आपल्या "नको, नको"चा असा काही अर्थ होत असेल हे भंडाऱ्याच्या स्वप्नातही नव्हतं.

"मला कळलं नाही, ताई," तो म्हणाला. "बरणी सुंदर आहे. मला हवी आहे."

कुंभारणीने पदराने धूळ पुसली, बरणी धुतली आणि आंबवणाने अर्धी भरून दिली. तीन वर्षं तिने त्याला नाचणीचं पीठ आणि ताडी घातली होती. भंडाऱ्याने वास घेतला. आपलंच होतं, पण बेटावर राहून वेगळं झालेलं, जास्त गोडसर.

सकाळी टांगत्या भट्टीतून सावळ्या रंगाचे पाव निघाले, टम्म फुगलेले. आजीने एक पाव कढणात बुडवला आणि डोळे मिटून खाल्ला. मग दुसऱ्याकडे हात नेला.

"आई, हळू," तांडेल म्हणाला.

"तू शिडाकडे बघ," आजी म्हणाली. "आणि तोंड सातव्या बेटाकडे कर. मी जेवतेय."

तिच्या अंगात जोर यावा म्हणून त्यांनी तो दिवस तिथेच काढला. पुढे गलबत सातव्या बेटाला लागलं, आणि दोघी बहिणी आधी कडकडून भांडल्या, मग गळ्यात पडून रडल्या. बहिणीचे केस पांढरेशुभ्र झाले होते.

पण मला शेवटी सांगायची आहे ती चौथ्या बेटावरून नांगर उचलला त्या सकाळची गोष्ट. आजीने पहिला पाव खाल्ला त्याच्या दुसऱ्या दिवशी, शीड चढवायच्या आधी, भंडारी एकटाच होडीने किनाऱ्यावर गेला. गलबतावर मिठाचं मडकं भरलेलं होतं. तरी तो कुंभारणीच्या दारात गेला आणि म्हणाला, "ताई, चिमूटभर मीठ देता का?"

ती हसली आणि मीठ शोधायला आत गेली. तो पळाला नाही. उंबऱ्याबाहेर, हात पुढे धरून, तिची वाट बघत उभा राहिला.

बोध एवढाच: ज्याच्याकडून आपण कधीच काही घेत नाही, त्याला आपण पुरतं काही दिलेलंच नसतं.