मुंगसाच्या चित्राखालची पाटी

एकदा एका तालुक्याच्या गावातील लहानशा कलादालनात कुमुद नावाच्या चित्रकर्तीचे प्रदर्शन भरायचे होते. पहिलेच प्रदर्शन, आणि पहिले म्हणजे काय असते, हे ज्याने स्वतःच्या हाताने खिळा ठोकून आपले चित्र भिंतीवर टांगले आहे, त्यालाच विचारावे. तीन वर्षे ती गावाबाहेरच्या माळावर उन्हातान्हात बसली होती. माणसाची वस्ती वाढत चालली आणि माळावरचे मुके जीव देशोधडीला लागले, हे गावाला दिसावे एवढाच तिचा ध्यास. खोकड, टिटवी, घोरपड, ससा करता करता चोवीस चित्रे झाली. शेवटचे चित्र मुंगसाचे होते. कुंपणात शिरणारे, पाठमोरे मुंगूस. पण काम इतके नाजूक की अंगावरचा केस न् केस वेगळा दिसावा.

ही किमया एका कुंचल्याची होती. गावातले चित्रकलेचे निवृत्त शिक्षक, ज्यांना सगळेच गुरुजी म्हणत, त्यांनी दहा वर्षांपूर्वी आपला जुना कुंचला तिच्या हाती ठेवला होता. शिष्याला याहून मोठे ते काय मिळणार? खंडेनवमीला कुमुद त्या कुंचल्याला हळदकुंकू वाही, आणि रोज रंगात बुडवण्याआधी तो कपाळाला लावी.

उद्घाटनाला दोन तास होते तेव्हा गुरुजी काठी टेकत आले. सगळी चित्रे सावकाश पाहिली. मुंगसापाशी येऊन थांबले, खिशातून पेन काढले, आणि चित्राखालच्या पाटीवर 'माध्यम : कागदावर जलरंग' असे छापले होते, त्यापुढे सुवाच्य अक्षरात लिहिले, 'आणि मुंगसाचे केस.' मग शेजारच्या टिटवीकडे वळले. तिथेही तेच. मग सशाकडे.

कुमुद धावत जवळ आली. म्हातारपणी गुरुजींना झाले तरी काय?

व्यवस्थापक लगबगीने आले. "अहो गुरुजी, हे काय आरंभलंत? प्राणिमित्र मंडळाची माणसं येतायत, पेपरवाले येतायत. भर सभेत पोरीची शोभा व्हायची." मग कुमुदकडे वळून हलक्या आवाजात म्हणाले, "ताई, तुम्ही काळजी करू नका. छापखाना शेजारीच आहे. अर्ध्या तासात नव्या पाट्या आणतो. कुणाला पत्ता लागायचा नाही."

गुरुजींनी चोविसावी पाटी पुरी केली आणि पेनाला टोपण लावले.

"गुरुजी, माझं चुकलं असेल तर घरी बोलावून कान धरायचा होता," कुमुद म्हणाली. "आजच्या दिवशी का?"

गुरुजी बाकावर बसले. "चूक आधी माझी आहे, पोरी. चाळीस वर्षं मी हे ब्रश वापरले. दुकानदार म्हणायचा, अस्सल केस आहेत, आणि मी मान डोलवायचो. कुणाचे, हे कधी विचारलं नाही. परवा तुझ्या घरी हे मुंगूस पाहिलं आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी जाऊन विचारलं. तो हसला. म्हणाला, मुंगसाचे, गुरुजी. आता बंदी आहे, पण तुमच्यासाठी काढून ठेवतो. त्या मूठभर केसांसाठी मुंगसाला मारतात. लहानपणी आपण त्याला तोंड दाखव म्हणून शपथा घालायचो. तुझ्या चित्रातही ते पाठमोरंच राहिलं. आता त्याला कुठल्या तोंडानं शपथ घालायची? ज्याचा कैवार घ्यायचा, त्याचं काय काय आपल्या घरात आहे ते आधी सांगावं लागतं. पाट्या ठेवायच्या की बदलायच्या, ते तू ठरव. मी कुणाजवळ बोलणार नाही."

कुमुद मुंगसाच्या पाटीपुढे जाऊन उभी राहिली. तीन वर्षांचे काम, गावात होऊ घातलेले नाव, सगळे त्या तीन शब्दांवर अडले होते. शेवटी ती व्यवस्थापकांना म्हणाली, "पाट्या राहू देत. आणि मला मधोमध एक स्टूल हवंय."

लोक जमले, दीप उजळला. कुमुद पुढे झाली. तिने कुंचला नेहमीप्रमाणे कपाळाला लावला, पण रंगात बुडवला नाही, स्टुलावर ठेवला. तो कशाचा आहे ते सांगितले. स्वतःला कसे कळले तेही सांगितले. प्राणिमित्र मंडळाच्या बाई ताडकन उठल्या, तरी ती थांबली नाही. आवारातल्या बांबूच्या बेटातली एक काडी तिने आणून ठेवली होती. तिचे टोक दातांनी चावून चावून मऊ केले आणि कोऱ्या कागदासमोर बसली. रेघ जाड आली, ओबडधोबड आली. केस न् केस काही दिसेना. पण हळूहळू दोन डोळे दिसू लागले, टोकदार नाक दिसू लागले. मुंगूस थेट समोर पाहत होते.

उठलेल्या बाई खाली बसल्या नाहीत. त्यांनीच पहिली टाळी वाजवली. मागून एक वृद्ध साइनबोर्ड पेंटर पुढे आला, पिशवीतून मुंगसाच्याच केसांचा आपला लाडका ब्रश काढला आणि स्टुलावर ठेवला. मग शाळेच्या कलाशिक्षिका आल्या, मग आणखी कुणी. संध्याकाळपर्यंत स्टूल भरले, आणि शेवटचा ब्रश व्यवस्थापकांनी स्वतःच्या टेबलाच्या खणातून आणला. महिनाभरात गावातल्या साऱ्या चित्रकारांनी असे ब्रश विकू नका म्हणून सह्यांचे पत्र दुकानदाराला नेऊन दिले, आणि त्याने मुंगसाच्या ब्रशांचा खण कायमचा रिकामा केला. गावाने एवढे मोठे यश त्या दालनात पूर्वी पाहिले नव्हते.

उद्घाटनाच्या त्या दिवशी सगळे पांगल्यावर कुमुदने नव्या चित्राखाली पाटी लावली : 'माध्यम : कागदावर जलरंग, बांबूची काडी.' गुरुजींनी ती दोनदा वाचली आणि अभिप्रायाच्या वहीत फक्त सही केली. कुमुदने वाकून नमस्कार केला. भिंतीवरचे मुंगूस दोघांकडे पाहत होते, आणि दोघांनाही त्याच्याकडे पाहता येत होते.

आपणही आपापल्या चांगल्या कामाखालची पाटी एकदा पूर्ण लिहून पाहावी.