करीचा दिवस

रानमळ संस्थानच्या शाळेत वर्षभर सणच सण झाले होते. गणपतीच्या आरत्यांमुळे पाढे राहिले. गणपती झाला म्हणून मोमीन विणकरांनी ईदही शाळेत व्हावी असा आग्रह धरला. मग राजवाड्याच्या ख्रिस्ती माळ्याने नाताळचं विचारलं, आणि वाण्यांनी महावीर जयंतीचं. कुणाच्या सणाला पताका जास्त लागल्या यावरून पालक शाळेच्या दारात भांडू लागले.

भांडण खंबीरराव महाराजांच्या कानावर गेलं. ते तडक शाळेत आले आणि त्यांनी एका मुलाला तेराचा पाढा विचारला. मुलाने आरती म्हटली. महाराजांचा पारा चढला. आजपासून शाळेत कुणाचाही सण साजरा व्हायचा नाही, असा हुकूम सोडून ते निघून गेले.

भांडणं थांबली, पण मुलंही यायची थांबली. जी आली ती गाल फुगवून बसली. त्यात महाराजांची नात तारा हीसुद्धा होती, आणि ती घरी आजोबांशी बोलेना. महाराजांना वाईट वाटलं. पण दिलेला हुकूम मागे घेणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी पहिल्या हुकुमाला दुसरा जोडला.

शाळेच्या बाई होत्या सगुणाबाई. गावातल्या तेल्याची ही मुलगी, याच शाळेत शिकून इथेच शिकवायला लागली होती. तिला दरबारात बोलावून महाराजांनी सांगितलं, "शाळेत कुणाचाही सण साजरा व्हायचा नाही आणि एकाही मुलाचा सण चुकायचा नाही. यातलं एक जरी मोडलं तरी शाळेला कुलूप लागेल."

दिवाणजी मिशीतल्या मिशीत हसले. शाळेच्या इमारतीत त्यांना कचेरी थाटायची होती.

सगुणाबाई घरी आली ती काळजीतच. सण करावा तर पहिला हुकूम मोडतो, न करावा तर दुसरा. तिला रात्रभर नीट झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र ती नेहमीसारखी वर्गात गेली, आणि त्यानंतर हळूहळू मुलं परत यायला लागली. महिनाभरात पटांगण पुन्हा गजबजलं.

दिवाणजींना हे खटकलं. ईद झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेवरून जाताना त्यांना शेवयांचा वास आला. ते धावतच राजवाड्यात गेले आणि महाराजांना गाडीत घालून घेऊन आले.

वर्गात मुलं गोल करून बसली होती. मधोमध विणकराची जुलेखा उभी राहून सांगत होती की चंद्र आधी आपल्यालाच दिसला, पण भाऊ म्हणतो त्यालाच दिसला. बाकीची मुलं प्रश्नांवर प्रश्न विचारत होती. वाण्याचा मुलगा दुसऱ्याच्या घरचं खात नसे. म्हणून पहिला प्रश्न विचारायचा मान त्याला दिला होता. शीरखुर्म्याचं पातेलं कोपऱ्यात होतं.

महाराज दारातूनच गरजले, "बाई, शाळेत ईद?"

"नाही महाराज," सगुणाबाई शांतपणे म्हणाली. "ईद काल झाली. ती जुलेखाच्या घरी झाली. आज नुसती तिची गोष्ट आहे आणि उरलेला शीरखुर्मा."

मग तिने सांगितलं की पोळाही असाच झाला. सण ज्याच्या त्याच्या घरी होतो, त्या दिवशी शाळा सणाकडे वळूनही बघत नाही. दुसऱ्या दिवशी त्या घरचं मूल येऊन काय काय झालं ते सांगतं. पताका नाहीत, आरती नाही, भांडायला काही उरतच नाही.

महाराज विचारात पडले. दिवाणजींना मात्र धीर धरवेना. त्यांनी दाराजवळ बसलेल्या एका मुलीकडे बोट दाखवलं. ती फिरत्या लोहारांची कोंडाबाई. तिचं पाल नुकतंच नदीकाठी पडलं होतं.

"हिचा सण कुठला?" दिवाणजींनी विचारलं. "यांच्या पालात सणाला गोड शिजत नाही, मला ठाऊक आहे. म्हणजे हिचा सण चुकला आणि हुकूम मोडला."

सगुणाबाईने कोंडाबाईकडे पाहिलं, पण तिच्या वतीने ती काही बोलली नाही. कोंडाबाई उठली.

"माझा परवा झाला की," ती म्हणाली. "आमचा बा बाजारात विळे विकून आला. समदे विळे खपले. आईनं गूळ घालून भात केला आणि बा गाणं म्हणला. काल मी वर्गात सांगितलं. ते गाणं आता सगळ्यांना येतं."

आणि खरंच, ताराने ते गाणं म्हणायला सुरुवात केली. सगळा वर्ग तिच्यामागून गाऊ लागला.

महाराजांच्या मिशा हलल्या. पण हार मानतील ते खंबीरराव कसले! त्यांनी विचारलं, "सण नाही म्हणता, मग या दिवसाला म्हणायचं तरी काय?"

"कर, महाराज. सणाच्या दुसऱ्या दिवसाला आपल्याकडे कर म्हणतात. जुलेखाच्या घरी बाशी ईद म्हणतात."

"सापडलात बाई!" दिवाणजी ओरडले. "या संस्थानात कर घ्यायचा हक्क एकट्या महाराजांचा. तुम्ही कुणाच्या परवानगीने घेता?"

सगुणाबाईने पातेल्यातून एक वाटी भरली आणि महाराजांपुढे धरली.

"महाराजांचा कर तयार आहे," ती म्हणाली. "फक्त हा खजिन्यात पाठवता येत नाही, नासतो. महाराजांना स्वतः येऊन, मुलांत बसून वसूल करावा लागेल."

महाराज इतक्या जोरात हसले की बाहेर गाडीचे घोडे बिचकले. फेटा सावरत ते सतरंजीवर ताराशेजारी बसले आणि त्यांनी वाटी चाटूनपुसून संपवली. तारा त्यांना खेटून बसली.

त्याच दिवशी सगुणाबाई संस्थानातल्या सगळ्या शाळांची प्रमुख झाली, आणि राजवाड्याची आमराई शाळेच्या नावे झाली. करवसुलीला दर वेळी महाराज जातीने येऊ लागले. सोबत पातेलं उचलायला दिवाणजींना यावं लागे.